निवृत्तीनंतर कोरड्या हवेचं गाव हवंय: कोल्हापूर सोडून कुठे जावं?

निशिगंध

नमस्कार. थोडं सविस्तर लिहितेय, म्हणजे सल्ला देणाऱ्याला नीट अंदाज येईल.

आम्ही दोघंच असतो, कोल्हापुरात शुक्रवार पेठेत. मी शाळेतून निवृत्त झाले, हे पाटबंधारे खात्यातून. ह्यांनी सत्तरी ओलांडली आहे आणि दमा जुना आहे. घर सासऱ्यांच्या काळातलं, खालचा मजला दगड-मातीचा. २००५ ला पुराचं पाणी उंबऱ्याशी येऊन थांबलं होतं. २०१९ आणि २०२१ ला मात्र आत शिरलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पूर ओसरल्यावर गाळ काढला, गिलावा केला, रंग दिला, पण खालच्या भिंती आतून वाळल्याच नाहीत. मृगापासून गणपतीपर्यंत कोपऱ्यात हात लावला की भिंत गार आणि ओलसर लागते. कपाटातल्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी येते, चपलांच्या पट्ट्यांवर हिरवी. गाद्यांना ऊन दाखवायचं म्हटलं तर ऊन नसतं. श्रावणात ह्यांना रात्री-अपरात्री उठून खिडकीशी बसावं लागतं.

छातीच्या डॉक्टरांनी यंदा सांगितलं की कोरड्या हवेच्या गावी राहता आलं तर बघा. तेव्हापासून घरात हाच विषय आहे. पुण्या-मुंबईला जायचं नाही, तिथली गर्दी आता झेपणार नाही. मध्यम आकाराचं शहर हवं. रात्री दोन वाजता गरज पडली तर चांगलं हॉस्पिटल जवळ हवं, भाजी-औषधं चालत जाऊन आणता यावीत, चार माणसं मराठीत बोलणारी हवीत. मुलगी हैदराबादला असते, म्हणून सोलापूर पहिलं डोक्यात आलं. त्याखेरीज अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि नाशिक यांचा विचार चालू आहे. घर विकून तिकडे फ्लॅट घ्यावा असं ह्यांचं मत. तिथे राहणाऱ्यांनी खरं काय ते सांगावं, चांगलं-वाईट दोन्ही.

भुईकोट

निशिगंधताई, मी सोलापूरचाच, त्यामुळे आधी चांगलं सांगतो. पाऊस कमी, भिंतीला ओल हा प्रकार आम्हाला फारसा माहीत नाही. पापड-कुरडया गच्चीवर टाकल्या की दुसऱ्या दिवशी डब्यात. हैदराबादची गाडी-बस दिवसभर मिळते. तेलुगू, कन्नड, मराठी सगळं कानावर पडतं, परकं वाटणार नाही. मोठी हॉस्पिटलं आहेत आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतूनच काय, कर्नाटकातूनही लोक उपचाराला येतात.

आता दुसरी बाजू. मार्चच्या मध्यापासून ऊन चढतं. मे महिन्यात ४२-४३ अंश ही नेहमीची गोष्ट आहे, कधी ४४ पण होतं. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली राहिलात तर रात्री अकरापर्यंत भिंतीतून उष्णता येत राहते. माझ्या वडिलांना मागच्या उन्हाळ्यात चक्कर येऊन पडल्यामुळे ॲडमिट करावं लागलं. रक्तदाबाच्या गोळीत लघवी जास्त होण्याचं औषध होतं, पाणी कमी पडलं, सोडियम उतरलं. म्हाताऱ्या माणसाला तहान लागलेली लवकर कळत नाही, हे तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. आता घरात तासातासाला कुणीतरी त्यांच्या हातात तांब्या देतं. तुम्ही दोघंच असणार, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

कूलर इथे छान चालतो, कारण हवा कोरडी. पण कूलर म्हणजे खोलीत ओलावा सोडणं, आणि त्याचा वाळा किंवा जाळी वेळच्या वेळी धुतली नाही तर तिथेही बुरशी येते. दम्याच्या माणसासाठी एसी बरा.

पाण्याचं सर्वांना ठाऊक आहे. उजनी भरलेलं असलं तरी नळाला पाणी गेली कित्येक वर्षं काही दिवसांआड येतं. हौद, मोटर, गच्चीवरची टाकी आणि पाणी येण्याच्या वेळेला घरी माणूस, असा सगळा संसार लागतो. सत्तरीत ही धावपळ जमेल का, याचा विचार करा.

स्टेथो

मी निवृत्त फिजिशियन. तुमच्या डॉक्टरांनी ह्यांना तपासलं आहे, मी नाही, तेव्हा हे सर्वसाधारण ज्ञान म्हणून वाचा.

दम्याला पावसापेक्षा ओलीत वाढणाऱ्या दोन गोष्टींचा त्रास जास्त होतो. एक बुरशी, दुसरे धुळीतले सूक्ष्म किडे, ज्यांना डस्ट माइट म्हणतात. हे किडे गादी, उशी, गोधडीत राहतात आणि हवेतला ओलावा शोषूनच जगतात. खोलीतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली तर ते तग धरत नाहीत. म्हणून "कोरडी हवा" याचा अर्थ गादीजवळची हवा कोरडी, असा घ्या. शहर त्यानंतर येतं.

यातून दोन गोष्टी निघतात. कमी पावसाच्या गावातही जुलै-ऑगस्टमध्ये ढग आणि वारा असतोच, सोलापुरातसुद्धा त्या दिवसांत सकाळची आर्द्रता बरीच वर असते. फरक हा की तिथे मधूनमधून ऊन पडतं आणि भिंत भिजलेली नसते. दुसरं म्हणजे पुरात भिजलेल्या दगड-मातीच्या भिंतीत जमिनीतलं पाणी वर चढत राहतं. रंग आणि गिलावा केल्याने ते थांबत नाही. तुमच्या घरात ह्यांची झोपायची खोली खालच्या मजल्यावर असेल तर आजच ती वर हलवा, गाव ठरेल तेव्हा ठरेल.

एक हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता टक्क्यांत दाखवणारं यंत्र, घ्या, काही शे रुपयांत मिळतो. खालच्या खोलीत, वरच्या खोलीत, आणि जिथे राहायला जाण्याचा विचार आहे तिथे, ठेवून आकडे लिहून काढा.

आणखी एक. दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात पावसाळ्यानंतर गाजर गवत माजतं. त्याच्या परागकणांनी अनेकांना शिंका, त्वचेची खाज आणि दमाही होतो. ह्यांची ॲलर्जीची तपासणी झालेली नसेल तर गाव बदलण्याआधी करून घ्या. बुरशी आणि माइटची ॲलर्जी निघाली तर कोरडं गाव फायद्याचं ठरेल. परागाची निघाली तर एका त्रासातून सुटून दुसऱ्यात पडाल.

गंगावेसकर

काकू, एवढं लांब जायची गरजच काय? आर. के. नगर, मोरेवाडी, पाचगाव ही बाजू चढावर आहे, पुराचा प्रश्नच नाही. शुक्रवार पेठ सोडा, पण कोल्हापूर का सोडताय? नव्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घ्या. कपिलतीर्थची भाजी, गंगावेशीतलं समोर पिळलेलं म्हशीचं दूध, रंकाळ्यावरची सकाळची फेरी आणि हाक मारली की धावून येणारी गल्ली, हे दुसऱ्या गावात विकत मिळत नाही हो. माझ्या आजीला मुंबईला नेलं होतं काकांनी. खाणं-पिणं सगळं व्यवस्थित, पण बोलायला माणूस नाही. तिने जेवणच टाकलं शेवटी. परत आणल्यावर बरी झाली.

मी जीव तोडून सांगतोय, आधी हे करून बघा.

खामनदी

संभाजीनगरबद्दल. हवा खरंच चांगली आहे, हिवाळा तर सुंदर. घाटी हॉस्पिटल आणि खासगी दवाखान्यांमुळे उपचारांची अडचण नाही. उन्हाळा सोलापूरपेक्षा थोडा सौम्य. पण पाणी! जायकवाडी जवळ असून शहराला पाणी अनेक दिवसांआड येत आलंय. टँकरचा खर्च महिन्याच्या बजेटमध्ये धरूनच चला. शिवाय कोल्हापूरहून हे इतकं लांब आहे की लग्नकार्याला येणं-जाणं म्हणजे रात्रभराचा प्रवास.

गोदाकाठ

नाशिक आता मध्यम राहिलेलं नाही. शहरात पाऊस कोल्हापूरपेक्षा कमी, पण त्र्यंबककडच्या बाजूला चांगलाच वाढतो, त्यामुळे "नाशिकमध्ये" म्हणून भागत नाही, कोणत्या भागात ते बघावं लागतं. थंडी कडक. दम्याच्या माणसाला डिसेंबर-जानेवारीची पहाट जड जाते. बाकी माझं गाव मला प्रिय आहे, पण तुमच्या गरजेला ते बसत नाही असं वाटतं.

तंतुवाद्य

ताई, तुमच्या यादीत मिरज कसं नाही, याचं आश्चर्य वाटलं.

सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो आणि पूर्वेला आलं की झपाट्याने कमी होतो. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे. तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर कोल्हापूर शहर, हजाराच्या आसपास. आणखी पन्नासेक किलोमीटर पूर्वेला मिरज, सहाशेच्या आसपास. जत-आटपाडीकडे त्याहून कमी. म्हणजे जे हवामान शोधायला तुम्ही सोलापूर-संभाजीनगरला निघालात, ते रेल्वेच्या पॅसेंजरने तासा-दीड तासावर आहे. कोल्हापुरात झड लागलेली असताना आमच्याकडे बहुतेक वेळा भुरभूर आणि वारा असतो. माझी बहीण तुमच्याच गावात लक्ष्मीपुरीत असते. ती जुलैत आली की आधी पिशवीतले दमट कपडे दोरीवर टाकते.

दवाखान्यांचं म्हणाल तर हे डॉक्टरांचंच गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि त्यांच्या आधाराने गल्लोगल्ली तज्ज्ञ डॉक्टर बसले. बेळगाव-विजापूरपासून पेशंट येतात. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरात छातीचे, हृदयाचे, हाडांचे डॉक्टर मिळतात. रात्री दोनची तुमची अट इथे पुरी होते.

पाण्याबद्दल वर जे लिहिलंय ते वाचून सांगावंसं वाटतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेच्या वाघिणींनी पाणी गेलं, ते मिरजेतून. कृष्णेला पाणी येतं ते कोयनेचं, महाबळेश्वरचं. आमच्या डोक्यावर पाऊस कमी पडतो आणि नदी दुसरीकडच्या पावसावर वाहते. निवृत्त माणसाने कोरडं गाव निवडताना हेच बघावं असं मला मनापासून वाटतं: हवा कोरडी, पण नदी भरलेली. नुसतं कमी पावसाचं गाव घेतलं तर म्हातारपण टँकरची वाट बघण्यात जातं.

आता उणिवाही लिहितो. कृष्णाघाटाकडच्या भागात पूर येतो, तिकडे जागा घेऊ नका. २०१९ ला सांगली बुडाली तेव्हा आमच्या नातेवाइकांची दोन कुटुंबं आमच्याकडे राहायला आली होती, गावाचा वरचा भाग सुरक्षित होता. रस्त्यांना धूळ फार. एप्रिल-मे तुमच्यापेक्षा तापतो, चाळिशी गाठतो. आणि ऊसतोड सुरू झाली की शेतात पाचट पेटवतात, कारखान्यांची राख उडते. दमेकऱ्याला नोव्हेंबरनंतरचा हा धूर त्रास देतो. अर्थात हा धूर तुमच्याकडेही आहेच, वर गुऱ्हाळांचा.

जयसिंगपूरही बघा. शाहू महाराजांनी वसवलेलं, सरळ आखलेल्या गल्ल्यांचं, सपाट गाव. म्हाताऱ्या पायांना फिरायला सोपं. मोठ्या दवाखान्यासाठी मात्र मिरज-सांगलीलाच यावं लागेल.

निशिगंध

सगळ्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलंत, खरंच बरं वाटलं.

स्टेथो सर, हायग्रोमीटर आणला. खालच्या खोलीत ८५ च्या वर, वरच्या मजल्यावरच्या पूर्वेच्या खोलीत त्याच वेळी ७० च्या आसपास. एकाच घरात एवढा फरक असेल असं वाटलं नव्हतं. ह्यांची कॉट वर नेली. जिना चढताना धाप लागते, तो वेगळा प्रश्न उभा राहिला.

तंतुवाद्य यांचा प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवला. हे म्हणाले, आकडे बरोबर आहेत, पण पाऊस मिलिमीटरमध्ये मोजू नका, ओल्या दिवसांत मोजा. मिरजेला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपारी गडगडाट होऊन तासाभरात धो धो पडतो आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं. आमच्याकडे तेवढाच पाऊस आठवडाभर झिमझिमत राहतो. भिंतीला आणि छातीला त्रास त्या झिमझिमीचा. खात्यात असताना ह्यांनी पर्जन्यमापकाच्या नोंदी वर्षानुवर्षं बघितल्यात, त्यामुळे यावर ते अर्धा तास बोलले. गेल्या कित्येक दिवसांत इतके उत्साहाने बोललेले नव्हते.

गंगावेसकर, तुझं म्हणणं पोचलं बाळ. आर. के. नगरलाही एक जागा बघून आलो. पश्चिमेची भिंत सरळ पावसाच्या तोंडावर, आणि नवीन बिल्डिंग असूनही खिडकीच्या चौकटीखाली पोपडे आलेले. पूर येणार नाही, पण ओल येणारच. आणि पूर आला की तिथेही एक अडचण उरते. २०१९ ला उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि साऱ्या गावाचे नळ बंद पडले. शिरोलीजवळ हायवे बुडाला, गाव तुटलं. दम्याचा पेशंट घरात असताना त्या दिवसांत औषधाच्या दुकानातला साठा संपत आलेला मी पाहिलाय. ते परत नको.

जमाखर्च

घर विकण्याची घाई करू नका. नव्या गावात एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा भाड्याने राहून बघा, मगच सौद्याचं बोला. जुनं घर विकल्यावर होणाऱ्या नफ्यावरचा कर वाचवायचा तर दोन वर्षांत दुसरं घर विकत घेण्याची, किंवा तीन वर्षांत बांधण्याची, मुदत असते. विकून बसलात की ती मुदत डोक्यावर बसते आणि माणूस नको ती जागा घेतो. सासऱ्यांच्या नावावरून घर ह्यांच्या नावावर आलंय का, प्रॉपर्टी कार्डावर इतर वारसांची नावं आहेत का, हेही आधी बघून घ्या. पेठेतल्या जुन्या घरांचे व्यवहार याच ठिकाणी अडतात.

ह्यांनी सत्तरी ओलांडली आहे, म्हणजे आयुष्मान भारतचं ज्येष्ठांचं कार्ड निघेल. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यापुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. आधार कार्ड लागतं. नव्या गावातलं कोणतं हॉस्पिटल त्या यादीत आहे, ते जागा बघायच्या आधी विचारा. नुसतं "मोठं हॉस्पिटल जवळ आहे" यावर विसंबू नका.

मिरज ठरलं तर एसटीचं भाडंही हलकं. तुम्हाला महिला म्हणून अर्धं तिकीट, ह्यांना ६५ वर्षांवरचे म्हणून अर्धं, पंचाहत्तरीनंतर फुकट.

माहेरवाट

मी कधी लिहीत नाही इथे, पण हे वाचून राहवलं नाही.

माझ्या आई-वडिलांनी असंच वडिलांच्या छातीसाठी गाव बदललं. कोकणातून देशावर, पार लांब. वडिलांना खरंच आराम पडला, पंप कमी झाला. पण आई पन्नास वर्षांचा शेजार सोडून आली होती. भिशी नाही, भजनी मंडळ नाही, ओटीवर बसायला कुणी नाही. वडील पेपर वाचत, फिरायला जात. तिचा दिवस मात्र स्वयंपाकघरातच जाई. तब्येत कुणाची बघून गाव ठरवलं तर वडिलांची, आणि त्याची किंमत भरली आईने. आम्ही मुलांनी तेव्हा तिला विचारलंच नाही, असं आता जाणवतं.

निशिगंधताई, तुम्ही सगळं "ह्यांच्यासाठी" लिहिलंय. तुमचं काय? तुमच्या मैत्रिणी कुठे आहेत, तुम्हाला दिवसभर काय करायला आवडतं, हेही यादीत लिहा. आणि हे बोलायला अवघड आहे, पण उद्या दोघांपैकी एकच मागे राहिलं, तर त्या गावात त्या एकट्या माणसाला राहावंसं वाटेल का? दूरच्या गावात हा प्रश्न फार मोठा होतो.

गंगावेसकर

माहेरवाट ताई, अगदी मनातलं बोललात.

काकू, मिरजेला माझा विरोध नाही. मिरज म्हणजे आपलंच. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी येता येतं. जाताना घराची किल्ली आमच्याकडे देऊन जा, पाणी वाढायला लागलं की खालचं सामान आम्ही पोरं वर चढवतो. तालमीतली पोरं २०२१ ला सुतारवाड्यात तेच करत होती.

निशिगंध

माहेरवाट, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

माझ्या मैत्रिणी इथे आहेत. मंगळवारी अंबाबाईला जाणं, तिथून परतताना मंडईत थांबणं, शाळेतल्या जुन्या मुलींना घरी बोलावणं, एवढंच माझं जग आहे आणि ते मला हवं आहे. सोलापूर, संभाजीनगर, नाशिक आम्ही यादीतून काढलं. अहिल्यानगरबद्दल कुणी लिहिलं नाही, पण अंतराचा विचार करता तेही राहू दे. मुलीलाही फोनवर सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही दोघं एकमेकांच्या जवळ आणि डॉक्टरांच्या जवळ असलात की मी हैदराबादहून निश्चिंत.

तर ठरलंय ते असं. घर विकायचं नाही. येत्या मेअखेरीपासून दिवाळीपर्यंत मिरजेत भाड्याने राहायचं, बाकीचे महिने इथेच, वरच्या मजल्यावर. त्याआधी ह्यांची ॲलर्जीची तपासणी आणि आयुष्मान कार्ड. पुढच्या वर्षीही तिथे बरं वाटलं तर खालचा मजला मोकळा ठेवून वर राहण्यासारखी डागडुजी करायची. विकत घेण्याचा विषय त्यानंतर. ह्यांनी हायग्रोमीटरच्या नोंदींसाठी वही घातली आहे, मिरजेचं पान रिकामं सोडलंय.

तंतुवाद्य, आता तुम्हालाच त्रास देते. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, लिफ्ट असलेली बिल्डिंग, स्टेशनच्या बाजूला, औषधांचं दुकान चालत जाण्याच्या अंतरावर. अशी जागा बघण्यात आहे का? आम्ही उन्हाळ्यातच येऊन बघून जाऊ म्हणतो.

तंतुवाद्य

आनंद झाला ताई. जागा नक्की मिळेल, मी आणि बायको मिळून शोधतो. पण उन्हाळ्यात बघून पसंत करू नका, तेव्हा सगळ्याच भिंती कोरड्या दिसतात. आत्ता पाऊस चालू आहे तोवरच एक फेरी मारा आणि हायग्रोमीटर बरोबर आणा. जागा बघताना चार गोष्टी तपासा: वर गच्ची थेट नसावी, मधला मजला बरा. झोपायच्या खोलीला पूर्वेची किंवा दक्षिणेची खिडकी असावी. बाथरूमची भिंत आणि कॉटची भिंत एक नसावी. आणि कपाटाच्या मागे हात घालून बघा, रंग नवा असला तर जास्तच. घरमालकांशी करार अकरा महिन्यांचा होतो, पण तुम्हाला पाच-सहा महिनेच हवेत हे आधी बोलून घेऊ. शिकायला येणारी मुलं असतात त्या भागात असे मालक मिळतात.

सकाळच्या गाडीने या. स्टेशनवर मी घ्यायला येतो, जेवण आमच्याकडेच करा. ह्यांना पर्जन्यमापकाबद्दल मला पुष्कळ विचारायचंय.